सिंहगड रस्त्यावरच्या स्वयंपाकघरातील कार्बन ब्लॉक फिल्टर : अकरा महिन्यांच्या वापरानंतर

२०२५ च्या जानेवारीत पुण्यालगतच्या नांदेड, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात गुइलेन-बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण आढळू लागले, तेव्हा सिंहगड रस्त्यावरच्या बहुतेक घरांप्रमाणे आमच्याही घरी पिण्याच्या पाण्याचे पातेले दिवसातून दोनदा गॅसवर चढू लागले. काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला होता आणि दूषित पाण्याकडे बोट दाखवले जात होते. त्यामुळे त्या दिवसांत उकळण्याला पर्याय नव्हता आणि आम्ही तो शोधलाही नाही. साथ ओसरल्यावर उकळणे थांबवले आणि दुसरीच अडचण समोर आली. नळाच्या पाण्याला क्लोरिनचा असा उग्र दर्प येत होता की सासूबाई एक घोट घेऊन भांडे तसेच बाजूला ठेवून देत. ऐंशीच्या घरातल्या माणसाने उन्हाळ्याच्या तोंडावर पाणी पिणे कमी करावे, ही गोष्ट मला साथीइतकीच काळजीची वाटली. मार्चमध्ये आम्ही फिल्टर बसवायचे ठरवले.

सुरुवातीला एका नावाजलेल्या कंपनीच्या प्रतिनिधीला घरी बोलावले. त्याने ओट्यावर दोन ग्लास मांडले. एकात आमच्या नळाचे पाणी होते, दुसऱ्यात त्याने सोबत आणलेले आरओचे, म्हणजे सूक्ष्म पडद्यातून दाबून क्षार काढलेले. दोन्हींत धातूच्या कांड्या असलेले एक विजेचे यंत्र बुडवून त्याने बटण दाबले. मिनिटभरात नळाचे पाणी तपकिरी-हिरवट झाले आणि त्यावर गाळ तरंगू लागला, आरओचे पाणी मात्र जवळजवळ स्वच्छ राहिले. ‘‘काकू, हे तुमच्या पोटात जातंय,’’ असे तो म्हणाला, तेव्हा सासूबाई खरोखरच घाबरल्या. मी रसायनशास्त्राची पदवीधर आहे, म्हणून त्याच्या आरओच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाकून यंत्र पुन्हा चालवायला सांगितले. तेही पाणी तसेच तपकिरी झाले. पाण्यात विरघळलेले क्षार वीज वाहून नेतात, वीज वाहिली की लोखंडी कांडी झिजते आणि तिचाच गंज पाण्यात उतरतो. ज्या पाण्यात क्षार जवळजवळ नाहीत, त्यात वीज वाहत नाही आणि गंजही उतरत नाही. पाणी पिण्यास योग्य आहे की नाही, याचा या प्रयोगाशी काहीही संबंध नाही. हा प्रयोग आजही पुण्यातल्या कित्येक घरांत होत असेल आणि तो पाहून घाबरलेली माणसे हजारो रुपयांचे यंत्र घेत असतील, म्हणून हे सविस्तर लिहिले.

आरओ नको, हे ठरवण्यामागे एक साधे मोजमाप होते. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांचे पाणी सह्याद्रीवर पडणाऱ्या पावसाचे आहे. ते फारसे क्षार घेऊन येत नाही, म्हणून मुळातच मऊ असते. आमच्या नळाच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या घटकांचे एकूण प्रमाण, मीटरवर ८० ते ९५ च्या दरम्यान दिसतो. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १०५०० या मानकात टीडीएसची स्वीकारार्ह मर्यादा लिटरमागे ५०० मिलिग्रॅम आहे. ज्या पाण्यात काढण्यासारखे क्षारच नाहीत, त्यातून ते काढण्यासाठी आरओच्या नळीवाटे कितीतरी चांगले पाणी गटारात सोडायचे, हे मला पटेना. राष्ट्रीय हरित लवादानेही २०१९ मध्ये, टीडीएस ५०० पेक्षा कमी असेल तेथे आरओ यंत्रांवर बंदी घालावी, असे निर्देश दिले होते. आम्हाला घालवायचा होता तो क्लोरिनचा वास, आणि त्यासाठी सक्रिय कार्बनइतके नेमके साधन दुसरे नाही.

मग रविवार पेठेतल्या बोहरी आळीत जाऊन एका दुकानातून दोन टप्प्यांचा भिंतीवरचा फिल्टर घेतला. पहिल्या भांड्यात पांढरी, दोरा गुंडाळल्यासारखी दिसणारी पाच मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) गाळ अडवणारी कँडल आहे आणि दुसऱ्यात दहा इंची कार्बन ब्लॉक. (दुकानदार दोन्हींना सरसकट ‘कँडल’च म्हणतात, त्यामुळे मागताना ‘कार्बन ब्लॉक’ असे स्पष्ट सांगावे लागते, नाहीतर सुट्या दाण्यांची कँडल हातात पडते.) भांडी, पाना, नळ्या आणि प्लंबरची मजुरी धरून एकूण २,६०० रुपये झाले. ना वीज लागते, ना पाणी वाया जाते.

सुटे दाणे आणि ब्लॉक यांतला फरक समजून घेण्यासारखा आहे, कारण या फिल्टरचा सारा गुण त्यातच आहे. दोन्हींत माल एकच असतो. नारळाच्या करवंट्या अपुऱ्या हवेत जाळून त्यांचा कोळसा करतात आणि मग ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून त्यातून वाफ सोडतात. वाफेमुळे कोळसा आतून पोखरला जातो आणि त्यात अतिसूक्ष्म छिद्रांचे जाळे तयार होते. करवंटीच्या कोळशातली बहुसंख्य छिद्रे दोन नॅनोमीटरहूनही लहान असतात. त्या छिद्रांच्या भिंती उलगडून पसरल्या, तर एका ग्रॅमचा पृष्ठभाग सुमारे १,००० चौरस मीटर भरतो, म्हणजे जवळजवळ दहा गुंठे. चिमटीत मावणाऱ्या भुकटीत दहा गुंठ्यांचे शेत आहे, हे कळल्यावर एवढासा नळकांडा हजारो लिटर पाण्याला कसा पुरतो, याचे नवल उरत नाही. या पृष्ठभागावर पाण्यातले सेंद्रिय रेणू येऊन चिकटतात. या क्रियेला अधिशोषण म्हणतात. स्पंज पाणी पोटात घेतो, तसे हे नाही. भिंतीला धूळ धरावी, तसे रेणू पृष्ठभागाला धरून राहतात.

क्लोरिनची गोष्ट मात्र वेगळी आहे. तो नुसता चिकटत नाही. पाण्यात तो मुख्यतः हायपोक्लोरस आम्लाच्या रूपात असतो, आणि कार्बनला त्याचा स्पर्श झाला की रासायनिक क्रिया होऊन त्याचे क्लोराइडमध्ये रूपांतर होते. क्लोराइड म्हणजे मिठात असतो तोच घटक, आणि एवढ्या अल्प प्रमाणात त्याला ना वास असतो, ना चव. ही क्रिया झपाट्याने होते, त्यामुळे क्लोरिन घालवणे हे कार्बनचे सर्वांत सोपे काम आहे. धरणाच्या पाण्यात कुजलेल्या पालापाचोळ्याचे अंश असतात आणि क्लोरिनशी त्यांचा संयोग होऊन क्लोरोफॉर्मसारखी ट्रायहॅलोमिथेन्स नावाची अपायकारक रसायने तयार होतात. ती अडवणे याहून अवघड आहे, कारण त्यांना जागा धरून बसावे लागते आणि जागा संपत जाते. म्हणून क्लोरिनचा वास येत नाही, एवढ्यावरून ब्लॉक सर्वच बाबतींत ताजा आहे, असे धरून चालता येत नाही. क्लोरिन अडवण्याची शक्ती टिकून असताना क्लोरोफॉर्म अडवण्याची शक्ती बरीच आधी सरलेली असू शकते. विक्रेत्यांपैकी कोणीही मला हे सांगितले नाही.

सुट्या दाण्यांच्या कँडलमध्ये पाणी आपली वाट स्वतः करते. दाणे हलतात, सरकतात, त्यांच्यामधून ओघळ पडतात आणि एकदा ओघळ पडला की बरेचसे पाणी बाकीच्या कार्बनला न भेटताच बाहेर पडते. ब्लॉक करताना कार्बन अगदी बारीक दळतात, त्यात पॉलिथिलीनची भुकटी बंधक म्हणून मिसळतात आणि तापवून, दाबून त्याचा पोकळ नळकांडा घडवतात. पाणी या नळकांड्याच्या बाहेरून सर्व बाजूंनी आत शिरते, भिंत ओलांडते आणि मधल्या पोकळीतून वर जाते. आमच्या ब्लॉकची भिंत पट्टीने मोजली तर जेमतेम १६ मिलिमीटर भरते, पण ती ओलांडल्याशिवाय एकही थेंब पलीकडे जाऊ शकत नाही. कण बारीक असल्याने रेणूला छिद्रापर्यंत पोहोचायला लागणारे अंतरही कमी पडते. शिवाय बारीक कणांमधल्या फटीही लहान असल्याने ब्लॉक गाळणीचेही काम करतो. बाजारात दहा, पाच, एक आणि अर्ध्या मायक्रॉनपर्यंतचे ब्लॉक मिळतात. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा असतो, यावरून अंदाज यावा.

वास गेला का, याचे उत्तर पहिल्याच दिवशी मिळाले. पहिले काही लिटर पाणी काजळीसारखे काळे आले. ती कार्बनची सुटी पूड असते आणि वीसेक लिटर पाणी वाहू दिल्यावर ती थांबली. त्यानंतरचे पाणी सासूबाईंनी भांडे भरून प्यायले आणि ‘‘आता पाण्याला पाण्याची चव आली,’’ एवढेच म्हणाल्या. मला मात्र जिभेवर विसंबायचे नव्हते. टाकीच्या साफसफाईचे सामान विकणाऱ्या दुकानात क्लोरिन तपासण्याची छोटी पेटी मिळते. तिच्यातल्या ऑर्थोटोलिडीनच्या थेंबांनी क्लोरिन असलेले पाणी पिवळे होते. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी दोन काचनळ्या भरते, एक थेट नळाची आणि एक फिल्टरची. दोन्हींत थेंब टाकून त्या खिडकीत पांढऱ्या कागदासमोर धरते. नळाची नळी लिंबाच्या सरबतासारखी पिवळी होते, फिल्टरची पारदर्शक राहते. (हे रसायन विषारी आहे. तपासलेले पाणी ओतून द्यावे, नळ्या निराळ्या ठेवाव्यात आणि मुलांच्या हाती पेटी देऊ नये.) सात महिने दुसरी नळी स्वच्छ राहिली. आठव्या महिन्यात कागदाशी लावून पाहिल्यावरच कळेल इतकी फिकट पिवळसर झाक तिच्यात उतरली आणि त्याच आठवड्यात मी ब्लॉक बदलला. डब्यावर ‘सहा महिने किंवा ३,००० लिटर’ असे लिहिले होते. आमचा पिण्याचा आणि स्वयंपाकाचा खर्च दिवसाला १२ लिटर धरला, तर २,९०० लिटरच्या आसपास ब्लॉक संपला. म्हणजे लिटरचा आकडा खरा निघाला. पण क्लोरोफॉर्मबद्दल वर लिहिलेले लक्षात घेता, आता मी सहाव्या महिन्यातच तो बदलणार आहे.

प्रवाहाच्या बाबतीत डब्यावरचा आकडा आमच्या घरी खरा ठरला नाही, आणि पुण्यातल्या अनेक घरांत ठरणार नाही. तो चार किलोच्या (म्हणजे चौरस सेंटिमीटरमागे चार किलो) दाबाला मोजलेला होता. आमची इमारत चार मजली आहे, आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि गच्चीवरची टाकी आमच्या नळापेक्षा साधारण सात मीटर उंच आहे. दहा मीटर उंचीला एक किलो या हिशेबाने आमच्या नळाला पाऊण किलोही दाब मिळत नाही. नवा ब्लॉक असताना लिटरभर पाणी भरायला ४० सेकंद लागत. जुलैत खडकवासल्याच्या पाण्याला गढूळपणा आला, तेव्हा हाच वेळ अडीच मिनिटांवर गेला. पांढरी कँडल उघडून पाहिली, तर ती चहाच्या चोथ्याच्या रंगाची झाली होती. ती बदलताच वेळ पुन्हा ५० सेकंदांवर आला. यावरून दोन गोष्टी सांगता येतील. वरच्या मजल्यावर, टाकीच्या लगेच खाली राहणाऱ्यांनी अर्ध्या मायक्रॉनचा ब्लॉक घेण्याआधी पंपाशिवाय तो चालेल का, याची खात्री करावी. आणि गाळाची कँडल न लावता एकटा ब्लॉक कधीही बसवू नये, कारण १३० रुपयांच्या कँडलने अडवायचा चिखल ५५० रुपयांचा ब्लॉक अडवत बसतो आणि त्याची छिद्रे वापरली जाण्याआधीच त्याचे तोंड बुजते.

एकदा नुकसानही झाले. ती कँडल बदलल्यावर भांड्याची ओ-रिंग (गळती रोखणारी रबरी कडी) खाचेत नीट बसली नव्हती, हे माझ्या लक्षात आले नाही. रात्रभर थेंब थेंब गळून सकाळी ओट्याखालच्या कपाटातले रव्याचे आणि पोह्यांचे डबे पाण्यात होते. आता ओ-रिंग बोटाने फिरवून पाहते, तिला खाण्याच्या दर्जाचे सिलिकॉन ग्रीस लावते आणि भांडे आवळल्यावर अर्धा तास खाली कोरडा कागद ठेवते. रात्री झोपताना फिल्टरचा कॉक बंद करण्याची सवयही तेव्हापासून लागली.

आता सर्वांत महत्त्वाचे, आणि ज्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला ते. कार्बन ब्लॉक जंतुनाशक नाही. आमचा ब्लॉक पाच मायक्रॉनचा आहे आणि कॅम्पिलोबॅक्टरची जाडी असते अर्ध्या मायक्रॉनहूनही कमी. तो जिवाणू या ब्लॉकमधून सहज पार होईल. विषाणू तर त्याहून कितीतरी लहान. एक मायक्रॉनचा दर्जेदार, प्रमाणित ब्लॉक जिआर्डिया आणि क्रिप्टोस्पोरिडियम या पोटाचे विकार करणाऱ्या परजीवींची कवचे अडवू शकतो, कारण ती चार मायक्रॉन आणि त्याहून मोठी असतात. परंतु डब्यावर ‘नॉमिनल’ असे लिहिलेले असेल, तर त्या आकाराचे सर्व कण अडतील, असा त्याचा अर्थ नसतो. एनएसएफ या अमेरिकी संस्थेच्या मानकांपैकी एनएसएफ ४२ हे प्रमाणपत्र क्लोरिन, चव आणि वास यांपुरते असते. शिसे, सेंद्रिय रसायने आणि अशी कवचे यांच्यासाठी एनएसएफ ५३ पाहावे लागते. मी घेतलेल्या ब्लॉकच्या डब्यावर यांपैकी काहीच नव्हते, फक्त ‘शंभर टक्के शुद्ध पाणी’ असे मोठ्या अक्षरांत छापले होते. या एका वाक्यासाठी मी या मालाचे गुण कापते. ज्या भागात वर्षभरापूर्वी माणसे दूषित पाण्याच्या संशयाने रुग्णालयांत पोहोचली, तेथे असे छापून विकणे मला गंभीर वाटते.

याच्या जोडीला आणखी एक गोष्ट आहे. महापालिकेने पाण्यात ठेवलेला उरलेला क्लोरिन हाच नळापासून आपल्या ओठांपर्यंतचा पहारेकरी असतो, आणि आपण तोच काढून घेतो. गाळलेले पाणी त्यानंतर उघडे असते. माठात किंवा पिंपात ते दोन-दोन दिवस साठवू नये, त्याच दिवशी संपवावे. ब्लॉकच्या आतही क्लोरिन पोहोचत नाही, त्यामुळे तिथे अडकलेल्या सेंद्रिय अंशांवर जिवाणू वाढू शकतात. दिवाळीत आम्ही बारा दिवस गावी होतो. परत आल्यावर फिल्टरच्या पाण्याला ओलसर, कोंदट वास आला. दहा मिनिटे पाणी वाहू दिल्यावर तो गेला, तरी ते दोन दिवस आम्ही पाणी उकळूनच प्यायलो. रोजच्या वापरातही सकाळचे पहिले अर्धे भांडे मी कुंड्यांना घालते. पाइपलाइन फुटल्याची बातमी आली, सोसायटीची टाकी धुतली, पाण्याला मातीचा किंवा सांडपाण्याचा वास आला किंवा टँकर मागवावा लागला, की आमच्या घरी गाळलेले पाणीही चांगली खळखळून उकळी येईपर्यंत तापवले जाते आणि मिनिटभर उकळत ठेवले जाते. ज्यांना हे रोज लक्षात ठेवणे जमणार नाही, त्यांनी ब्लॉकनंतर जंतू मारणाऱ्या अतिनील (यूव्ही) दिव्याचा टप्पा जोडावा. गाळ आणि रंग आधीच काढलेल्या पाण्यात तो दिवा अधिक चांगले काम करतो.

जुना ब्लॉक टाकून देण्याआधी मी तो हॅकसॉने आडवा कापला. बाहेरच्या जाळीचे कापड तपकिरी, बुळबुळीत झाले होते. त्याखालचा कार्बनचा थर मिलिमीटरभर खोलीपर्यंत मळकट राखाडी दिसत होता आणि त्यापुढे आतल्या पोकळीपर्यंत सारे कोरे काळे होते, पाटीच्या तुकड्यासारखे. चिखल दारातच अडला होता. आतले काळेपण मात्र काहीही सांगत नव्हते. कोणती छिद्रे भरली आणि कोणती रिकामी, हे डोळ्यांना दिसत नाही, म्हणून कँडल ‘अजून चांगली दिसते’ असे म्हणून ती वर्षभर चालवणाऱ्यांचे मला वाईट वाटते. काहीजण ब्लॉक ब्रशने घासून पुन्हा बसवतात. त्याने प्रवाह थोडा सुधारतो, छिद्रे मोकळी होत नाहीत.

खर्चाचा हिशेब असा. एक ब्लॉक आणि त्या काळात दोन पांढऱ्या कँडल मिळून ८१० रुपये लागले, म्हणजे लिटरमागे २८ पैसे. महापालिकेचे धरणाचे पाणी नियमित येणाऱ्या घराला, वर लिहिलेली काळजी घेण्याची तयारी असेल तर, मी हा फिल्टर मनापासून सुचवेन. पुढच्या वेळी ब्लॉक मात्र एक मायक्रॉनचा आणि प्रमाणपत्र असलेला घेणार आहे, मग त्याला दुप्पट पैसे पडले तरी चालतील.

वाघोलीला राहणाऱ्या माझ्या नणंदेने आमच्याकडे पाणी पिऊन हाच फिल्टर मागवायचे ठरवले होते. तिच्याकडे वर्षातले बरेच महिने बोअरचे आणि टँकरचे पाणी येते. मीटर घेऊन गेले, तर टीडीएस ६४० निघाला आणि तिच्या नळाच्या तोटीवर पांढरा थर चढलेला होता. ‘‘वन्सं, हा तुमच्या कामाचा नाही,’’ असे तिला सांगावे लागले, कारण विरघळलेले क्षार, पाण्याचा जडपणा, नायट्रेट किंवा फ्लोराइड यांपैकी काहीही कार्बन ब्लॉकने हटत नाही. तिने आरओ घेतला आणि त्यातून वाया जाणारे पाणी ती बादलीत धरून फरशीला वापरते. त्या यंत्रातही पडद्याच्या आधी एक कार्बनची कँडल आहेच, कारण क्लोरिनने तो पडदा खराब होतो. ती कँडलही वेळेवर बदलायची असते, हे तिच्या तंत्रज्ञाने सांगितले नव्हते, म्हणून बसवल्याची तारीख आम्ही दोघींनी मिळून तिच्या भांड्यावर मार्करने लिहून ठेवली.